दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका मुलाने तीन महिन्यांपूर्वी एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक घेतली. दर रविवारी सहा-सात जणांच्या ग्रुपबरोबर तो ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जातो. गेल्या रविवारी तो उतारावर असताना वळणावर समोरून मोळी घेतलेल्या एक आजी आल्या. हा "साइड, साइड" ओरडला. आजी घाईने बाजूला झाल्या आणि मोळी खाली पडली. ग्रुपमधले म्हणाले, तू आवाज दिला होतास, तुझी काही चूक नाही. त्याच दिवशी पुढे एका खडकाळ उतारावर हा सायकलवरून उतरून चालत गेला, तर तेच लोक हसले. त्याने विचारलंय, "ताई, वाटेवर पहिला हक्क कोणाचा? आणि एखादा उतार आपल्याला झेपेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?" शिवाय टायर बदलू का, हेही विचारलंय.

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

पहिल्या प्रसंगात चूक तुझी होती. दुसऱ्यात तू बरोबर होतास. आणि माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच आहे. वीसेक वर्षं मी या डोंगरांत सायकल चालवते आहे, गेली काही वर्षं नव्या मुलामुलींना शिकवतेही. वाटेवरची शिस्त आणि स्वतःची कुवत या दोन्ही गोष्टी शेवटी एकाच जागी येऊन मिळतात: तुला किती अंतरात थांबता येतं.

त्या आजींच्या बाजूने आधी बघू. तू कधी मोळी उचलून पाहिली आहेस? वीस-पंचवीस किलो सहज भरते. डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी, मान ताठ. मान वळवता येत नाही, खाली वाकून बघता येत नाही. पुढचा दगड त्या तळपायाने चाचपतात. मोळी आडवी असते, म्हणजे वाटेपेक्षा रुंद. अशा माणसाला "साइड" म्हणून ओरडलं की त्याला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं की कुठल्या बाजूला पाय टाकायचा, आणि तो पाय कुठे पडणार हे त्याला दिसत नसतं. मोळी पडली हे त्यातल्या त्यात बरं. मान मुरगळली असती, घोटा गेला असता. आणि खाली पडलेली मोळी एकटीला पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. तू थांबून तो हात दिलास का, हे तू लिहिलेलं नाहीस.

ग्रुप म्हणतो, आवाज दिला होता. आवाजाने सायकल थांबत नाही. आवाज देऊन आपण फक्त थांबायची जबाबदारी समोरच्यावर ढकलतो.

आता हिशोब बघ. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. समोर काही दिसल्यापासून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच चार मीटर संपले. पुढे मुरमाच्या उतारावर थांबायला आणखी तीन-चार मीटर. एकूण आठ मीटर धर. आता वेग दुप्पट कर, ताशी ३०. पहिले चार मीटर आठ झाले. पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुपटीने नाही, चौपटीने वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ते झालं चौदा मीटर. एकूण बावीस-तेवीस. येऊरच्या पायवाटेवर वळणापलीकडचं किती दिसतं? एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी, मध्ये साग. दहा मीटर दिसलं तरी नशीब. मग तिथे ताशी ३० ने उतरणारा माणूस कितीही कसलेला असो, तो आंधळा चालवतोय.

म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी एकच नियम देते: दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वाट अरुंद असेल आणि समोरूनही सायकल येण्याची शक्यता असेल, तर दिसतंय त्याच्या निम्म्यात. कारण उरलेलं निम्मं अंतर त्याला लागणार आहे.

हा आकडा तुझा स्वतःचा किती, हे तुला माहीत हवं. दुसऱ्याचा उपयोग नाही. एक सकाळ त्यासाठी काढ. माणसं नसलेला, सुट्या मुरमाचा साधारण उतार शोध, पन्नास पावलं लांब असला तरी पुरे. मध्यावर एक ठळक दगड ठेव. वरून नेहमीच्या वेगाने ये, पुढचं चाक दगडापाशी आलं की ब्रेक लाव, थांबलास की दगडापासून पावलं मोज. पाच वेळा कर. मग थोडा वेग वाढवून पाच वेळा. मग मित्राला खाली उभं कर आणि त्याने हात वर केला की ब्रेक, म्हणजे तुझा विचाराचा सेकंदही मोजला जाईल. माझ्याकडे आलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचा अंदाज चुकतो. दहा पावलं लागतील म्हणतात, लागतात अठरा. ती अठरा पावलं स्वतःच्या पायांनी परत चढताना जे डोक्यात बसतं, ते मी कितीही सांगून बसत नाही.

ब्रेकबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच असतो. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की उतारावर पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील. त्यामुळे मुलं फक्त मागचा ब्रेक करकचून दाबतात. उतारावर वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, लगेच लॉक होतं आणि घसरत जातं. घसरणारं चाक थांबवतही नाही आणि वळवूही देत नाही. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे. फक्त तो एकदम दाबायचा नसतो, लिंबू पिळताना जोर हळूहळू वाढवतो तसा वाढवायचा. एका ब्रेकवर एकच बोट, तर्जनी. बाकीच्या बोटांनी हँडल धरलेलं. सीट पाच-सात सेंटीमीटर खाली घे. पेडल दोन्ही समान उंचीवर, टाचा खाली दाबलेल्या, बूड सीटवरून उचललेलं, कोपरं आणि गुडघे मोकळे. अंग थोडं मागे, पण फार मागे नको. हात ताठ होईपर्यंत मागे गेलास तर पुढच्या चाकावरचं वजन जातं आणि ते हवं तिथे जात नाही. सगळा ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. वळणात शिरल्यावर बोट सैल.

मागचं चाक मुद्दाम घसरवून वळवायची एक फॅशन आहे, धूळ उडते, फोटो चांगला येतो. कृपा करून करू नकोस. प्रत्येक घसरीत वाटेचा वरचा थर खरवडला जातो, तिथे चर पडते, पहिल्या पावसात पाणी त्याच चरीतून धावतं आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होतो. मग ज्यांची ती रोजची वाट आहे त्यांना शेजारून नवी काढावी लागते.

आपल्या खेळाचा जन्मच ब्रेकच्या गोष्टीत आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७०च्या दशकात काही पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली पुढे नावारूपाला आलेली नावं. त्या सायकलींना पेडल उलट फिरवून लागणारे ब्रेक असायचे. एका उताराच्या शेवटी पोहोचेपर्यंत मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवं ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणे म्हणजे रिपॅक. त्या उताराचं नाव तेच पडलं आणि १९७६च्या ऑक्टोबरात तिथे पहिली शर्यत झाली. आज आपल्याकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, चाकाजवळच्या धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे; एका बोटाने थांबतात. पण नवी मुंबईतल्या पारसिक हिलवरून बेलापूरच्या बाजूला ब्रेक धरूनच खाली आलास, तर तळाशी डिस्कला बोट लावू नकोस, भाजेल. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा दाबायचा, सोडायचा, दाबायचा. चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडू देऊ नकोस. तेल लागलेला पॅड ऐनवेळी नुसता किंचाळतो, थांबवत नाही.

आता हक्काचा प्रश्न. जगभर मान्य असलेला क्रम साधा आहे. सायकलवाला चालणाऱ्याला वाट देतो. सायकलवाला जनावराला वाट देतो. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणारा चढणाऱ्याला वाट देतो. शेवटच्याचं कारण लक्षात घे: चढणारा एकदा थांबला की खड्या चढावर त्याला पुन्हा सुरुवात करता येत नाही, आणि दम लागलेला असल्याने त्याची नजर पुढच्या चाकावर असते. उतरणाऱ्याला थांबून परत निघायला काहीच कष्ट नसतात. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने, म्हणजे इम्बाने, हेच नियम लिहून काढले. परवानगी असलेल्या वाटेवरच चालवा, खूण मागे ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, वाट द्या, जनावरांना घाबरवू नका, तयारीने निघा. एवढंच.

पण ते नियम मुख्यतः हौशी लोकांच्या वाटांसाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे वाट हौसेची नसते. येऊरला पाटोणपाडा, जांभूळपाडा, खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी. या वाटा तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाडल्या आहेत. शाळेत जाणारी पोरं, बाजारात भाजी नेणाऱ्या बाया, गुरं. पावसाच्या तोंडावर शेवळं, पावसात करटोली आणि टाकळा घेऊन याच वाटांनी त्या खाली उतरतात. आपण तिथे पाहुणे आहोत. म्हणून इथे माझा नियम इम्बापेक्षा कडक आहे: पाड्याजवळच्या वाटेवर समोर माणूस दिसला की मी उतरते. नुसती हळू करत नाही, उतरते. पाय जमिनीला लागले की समोरच्याचा चेहरा बदलतो, बघ करून.

डोक्यावर ओझं असेल तर मी सायकल वाटेच्या बाहेर घेते आणि विचारते, "मावशी, कुठल्या बाजूने जाताय?" आपण अंदाज बांधायचा नाही. मोळी कुठल्या बाजूला जास्त बाहेर आलेली आहे, कुठल्या पायावर वळायला बरं पडतं, हे त्यांनाच माहीत. मागून येत असशील तर पंधरा-वीस पावलं आधी चालण्याच्या वेगावर ये, साध्या आवाजात "मागून सायकल येतेय" म्हण, त्या बाजूला झाल्या किंवा "जा" म्हणाल्या की मगच उजवीकडून जा. अगदी जवळ येऊन घंटी वाजवू नकोस, माणूस दचकतो आणि बरोबर तुझ्या चाकासमोर येतो.

गुरांचं वेगळं. म्हशी शांत उभ्या राहतात, त्यांना वेळ दिला की जातात. गाय आणि वासरू वाटेच्या दोन बाजूंना असतील तर मधून अजिबात जाऊ नकोस. थांब, गुराख्याला हाक मार. कुत्री मागे लागली तर पळवायच्या भानगडीत पडू नकोस. उतर, सायकल तुझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये धर, चालायला लाग. बहुतेक कुत्र्यांना फिरत्या चाकाचा राग असतो. ते थांबलं की तीही थांबतात.

आणि बांध. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पावसात येऊरच्या आत भातशेती होते, खाचरांच्या मधले बांध हिरवेगार असतात, अरुंद, सरळ, तोल सांभाळून चालवायचा मोह होतो असे. जुलैत मी एका ग्रुपला त्यावरून जाताना पाहिलं. सहा सायकली. नंतर तिथे जाऊन बसले. मऊ बांधावर टायरची तीन बोटं खोल चर पडली होती आणि वरच्या खाचरातलं पाणी त्या चरीतून बारीक धारेने खालच्या खाचरात उतरत होतं. रोपं नुकती लावलेली होती. एक आजोबा आले, काही न बोलता वाकले, ओंजळीने चिखल उचलून चरीत भरू लागले, अंगठ्याने दाबत, कडेने लिंपत. मीही भरू लागले. वीस-पंचवीस हातांच्या बांधाला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. सहा सायकलींना त्यावरून जायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

कायद्याचंही ऐकून ठेव. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आणि त्यात बिबटे आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही. पाड्यांकडे जाणारा रस्ता वेगळा आणि आतल्या जंगलवाटा वेगळ्या. दुसऱ्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर रेघ दिसते म्हणून ती वाट खुली आहे असं होत नाही. वनखात्याच्या चौकीवर विचार, नाही म्हणाले तर नाही. आत घुसून पकडले गेलेले चार जण उरलेल्या सगळ्या सायकलवाल्यांची वाट बंद करतात. उजाडायच्या आधी आणि अंधारल्यावर आत नसावं, ती बिबट्याची वेळ. दिसलाच, तर सायकलवर वाकून सुसाट पळू नकोस. थांब, उतर, ताठ उभा राहा, पाठ न फिरवता हळूहळू मागे ये. लहान मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घे. स्पीकरवर गाणी नकोत, हे सांगायची गरज पडू नये.

आता तुझा दुसरा प्रश्न, झेपेल की नाही.

परदेशातल्या ट्रेलवर सुरुवातीलाच पाटी असते: हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन मध्यम, काळा, टोकावर उभा चौकोन (पत्त्यातल्या चौकटसारखा) म्हणजे अवघड. आपल्याकडे पाट्या नाहीत. आणि आपली वाट दर दोन महिन्यांनी वेगळी असते. जूनमध्ये खडकावर शेवाळ धरतं, तोच खडक मे महिन्यात कोरड्या सिमेंटसारखा पकडत होता. ऑक्टोबरात पाऊस गेला की मुरूम सुटा होतो, कमरेइतकं गवत असतं आणि त्यात दगड दिसत नाहीत. डिसेंबरपासून सागाची पानं पडायला लागतात. वाळलेलं सागाचं पान ताटाएवढं, त्याखाली काय आहे कळत नाही आणि पानावर पान सरकतं. गेल्या महिन्यात जमलं होतं, हे इथे फारसं कामाचं नाही. त्यामुळे वाट रोज नव्याने वाचायची. पहिली फेरी नेहमी हळू, आज काय बदललंय ते बघण्यासाठी. झाड पडलंय का, ओढ्याने कड खाल्ली आहे का, गुरांनी चिखल तुडवलाय का. चिखल असेल तर कडेने नवी वाट पाडायची नाही, मधूनच जायचं किंवा सायकल उचलून न्यायची. चाक चिकटून बसेल इतका चिखल असेल तर त्या दिवशी त्या वाटेवर जायचंच नाही. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला बंदी असते, ती पाळायची. वर पाऊस झाला की तिथलं पाणी बघता बघता वाढतं.

अवघड जागा आली की मी काय करते सांगते. उतरते. सायकल आडवी ठेवते. चालत खाली जाते आणि खालून वर बघते, कारण खालून वाट वेगळी दिसते. तीन गोष्टी ठरवते: चाक कुठून जाणार, ब्रेक कुठे सोडणार, आणि जमलं नाही तर कुठे पडणार. तिसऱ्याचं उत्तर "दगडावर" किंवा "दरीत" असेल, तर सायकल हातात धरून खाली. उत्तर "गवतात" असेल, तर विचार. वीस वर्षांनंतरही येऊरला असे दोन उतार आहेत जे मी चालत उतरते. माझ्या विद्यार्थ्यांसमोर उतरते.

तू चालत उतरलास, त्यावर हसणाऱ्यांना त्या जागी थांबायला किती पावलं लागतात, ते विचार.

माझ्या खांद्याचं हाड मोडलं ते मी दिसतंय तेवढ्यात थांबायच्या नियमाबाहेर गेले म्हणून. खारघरच्या डोंगरावर, बारा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातली सकाळ. चार जण होतो. मी माझ्यापेक्षा बऱ्याच कसलेल्या मित्राच्या मागे होते, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वाट दिसत नव्हती, त्याचं चाकच दिसत होतं, आणि मला वाटत होतं की तो जातोय तर मीही जाईन. वाटेला आडवी पाण्याची चर होती, हातभर रुंद. त्याने पुढचं चाक उचलून ती पार केली. मला चर दिसली तेव्हा माझं चाक तिच्यात होतं. वाळलेला बांबू मोडल्यासारखा आवाज आला, आणि तो माझ्या आतून आला हे मला दोन क्षणांनी कळलं. गालाला मुरूम, नाकासमोरून मुंग्यांची रांग जात होती, डावा हात माझा नसल्यासारखा. वाडीतल्या एका माणसाने पाणी आणलं, आपला पंचा फाडून हात गळ्यात बांधला, आणि माझी सायकल खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणली. सकाळी वर जाताना मी त्याच माणसाच्या शेजारून वेग कमी न करता गेले होते. हे मला त्याने सांगितलं नाही, मलाच आठवलं. सहा आठवडे हात झोळीत होता.

तेव्हापासून दुसऱ्याच्या चाकावर नजर ठेवून चालवायचं नाही. पुढच्या सायकलपासून इतकं अंतर ठेव की तुला मधली सगळी जमीन दिसेल. धूळ बसू दे.

थकव्याकडेही बघ. पडण्याची जागा बहुतेक वेळा सर्वात अवघड उतार नसते. ती असते "चला, शेवटची एक" या फेरीतला सोपा तुकडा. हात दुखायला लागले, बोटं ब्रेकवर बधिर वाटली, दगड दिसल्यावर वळायला उशीर होतोय असं दोनदा झालं, की संपलं, रस्त्याने घरी. आपल्याकडे दमटपणामुळे घाम वाळत नाही, मार्चनंतर नऊ वाजताच अंग तापतं. दोन तासांसाठी दोन लिटर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर लागतेच. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून जो "काही नाही रे" म्हणतो, त्याला आधी सावलीत बसवायचं. डोकं आपटलं असेल तर तो ठीक आहे म्हणाला तरी त्या दिवशी त्याने सायकल चालवायची नाही, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, बाहेरून तडा दिसला नाही तरी. रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगराच्या पोटात रेंज जाते, म्हणून कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून निघायचं.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. तो भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालयात. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या डोंगरांत आहेत, आणि वाळक्या पानांत ती दिसत नाहीत. पंक्चर काढायला गवतात बसण्याऐवजी उघड्या खडकावर बस.

ग्रुपशी बोल. भांडू नकोस, पण बोल. आमच्यात सर्वात पुढे असतो त्याचं काम वेग ठरवायचं नसतं, समोरून माणूस आला की हात वर करून मागच्यांना थांबवायचं असतं. सर्वात मागे नेहमी अनुभवी माणूस असतो, आणि दर फाट्यावर शेवटचा येईपर्यंत सगळे थांबतात. तो आल्यावर लगेच निघायचं नाही, त्यालाही दम खाऊ द्यायचा. कोणी उतरून चाललं तर त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. हे त्यांना पटत नसेल तर तीन-चार जणांचा दुसरा ग्रुप बघ, ठाण्यात तोटा नाही. उपवन तलावापाशी रविवारी सकाळी सहाला उभा राहिलास तरी दोन-तीन ग्रुप भेटतील.

टायर सध्याचेच ठेव. हवा मात्र कमी कर. दुकानदार रस्त्याच्या हिशोबाने टायर दगडासारखा भरून देतात, मग तो मुरमावर उड्या मारतो. माझं वजन ६२ किलो, ट्यूबवाले सव्वादोन इंची टायर, मी पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर असतं) ठेवते. तू वजनाने जास्त असशील तर दोन-तीन वाढव, आणि दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर आणखी दोन. फ्रेमवर बारीक अक्षरात काही सूचना आहे का तेही वाच, एमटीबीसारख्या दिसणाऱ्या काही सायकलींवर डोंगरात वापरू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचलेल्या पैशांत गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे घे.

आणि त्या आजी रविवारी त्याच वेळी, त्याच वाटेने परत येतील. वळणाच्या अलीकडे सायकल आडवी ठेवून थांब. मोळी डोक्यावर चढवायची तर खालचा हात मधोमध नाही, जाड टोकाकडे लावायचा असतो. त्या सांगतील तेव्हा उचल.